टोटल स्टेशनच्या बॅटऱ्या बदलायच्या आहेत: मूळ कंपनीची, तशीच दुसरी, की सेल बदलून?

मोजणीवाली, धायरी

नमस्कार. माझं धायरीला छोटं सर्व्हे ऑफिस आहे, मी आणि दोन मुलं. कामं लेआउटची, कंटूरची. शिवाय सरकारी मोजणीचे पैसे भरण्याआधी मालकाला आपल्या गटाची हद्द अंदाजे बघून हवी असते, तीही. मुळशी, वेल्हे, पुरंदर या बाजूला जास्त जाणं होतं.

टोटल स्टेशनं, म्हणजे कोन आणि अंतर मोजायची यंत्रं, दोन आहेत. एक जुनं लायका कंपनीचं टीपीएस ४०७, त्याला जीईबी १२१ बॅटरी. दुसरं टीएस ०६, त्याला जीईबी २२१. चार्जरही दोन: १२१ साठी जीकेएल ११२ आणि २२१ साठी जीकेएल २११. दोन्ही यंत्रं सेकंडहँड घेतलेली, त्यामुळे बॅटऱ्या आधी किती वापरल्या गेल्यात काही कळायला मार्ग नाही.

आता ४०७ ची बॅटरी रात्रभर चार्ज करून नेली तरी दुपारच्या डब्याआधी मान टाकते. टीएस ०६ च्या दोन आहेत. एक बरी चालते. दुसरी पडद्यावर अर्धी भरलेली दिसते आणि थोडे पॉइंट घेतले की यंत्र एकदम बंद. पौडच्या पुढे उतारावर ट्रॅव्हर्स (एका बिंदूवरून पुढच्यावर साखळीने मोजत जाणं) चालू असताना हे झालं. बॅटरी बदलताना यंत्राला धक्का लागला असेल या शंकेने बॅकसाइट (मागच्या माहीत असलेल्या बिंदूवरचं वाचन) परत घेतली, तर खरंच फरक आला. तो सगळा सेटअप पुन्हा केला. प्रिझम (यंत्राचा किरण परतवणारी काच) धरणारा मुलगा पलीकडच्या टेकाडावर उन्हात तसाच उभा.

बॅटऱ्या तर घ्यायच्याच आहेत. माझ्यापुढे चार वाटा आहेत आणि प्रत्येक जण आपलंच खरं म्हणतो. मूळ कंपनीची घ्यावी, तर तेवढ्या पैशात तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या तीन येतात. ऑनलाइन एक २२१ दिसली, तिच्यावर चक्क ८८०० एमएएच (मिलिॲम्पिअर-तास, बॅटरीच्या क्षमतेचं माप) लिहिलंय, म्हणजे माझ्या बॅटरीच्या दुप्पट, आणि किंमत सगळ्यात कमी. तिसरी वाट, बुधवार पेठेत एक जण जुन्या खोक्यात नवीन सेल भरून देतो म्हणतो. आणि त्याचंच चौथं म्हणणं असं, की १२१ मध्ये लिथियमचे दोन सेल टाकून देतो, वजन कमी आणि जास्त चालेल, चार्जर आहे तोच वापरा.

मला बॅटरीतलं फारसं कळत नाही. यंत्रं मात्र माझी रोजीरोटी आहेत. ज्यांनी स्वतः बदलून बघितल्यात त्यांनी सांगावं.

साइट इंजिनिअर, हडपसर

मूळच घ्या. आमच्याकडे रस्त्याच्या कामावर एक दिवस यंत्र बंद राहिलं तर जेवढं नुकसान होतं त्यात बॅटरी येते. कंपनीच्या डीलरकडून पक्कं बिल घ्यायचं आणि विषय संपवायचा. पेठेतल्या माणसाचं लिथियम तर अजिबात नको.

यंत्रदुरुस्ती, सदाशिव पेठ

ताई, मॉडेल, बॅटरी आणि चार्जर तिन्हींचे नंबर दिलेत ते फार चांगलं केलंत. बहुतेक जण "टोटल स्टेशनची बॅटरी पाहिजे" एवढंच विचारतात आणि मग चुकीची वस्तू घरी येते. माझं आयुष्य सर्व्हेच्या यंत्रांच्या दुरुस्तीत गेलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या चौथ्या वाटेबद्दल. त्याला आजच नाही म्हणून कळवा.

जीईबी १२१ मध्ये निकेल मेटल हायड्राइडचे पाच सेल असतात. एकाचे १.२ व्होल्ट, पाचांचे सहा. लिथियम आयनचे दोन सेल एकापुढे एक जोडले की लेबलवर ७.४ होतात आणि पूर्ण भरल्यावर ८.४. तुमच्या निकेलच्या पाच सेलांचा पॅक चार्जरवरून ताजा काढला तरी सव्वासातच्या वर सहसा जात नाही. म्हणजे यंत्राला पहिल्याच मिनिटाला सवयीपेक्षा व्होल्टभर जास्त मिळणार. पण माझी खरी भीती चार्जरची आहे. निकेलची बॅटरी भरत आली की तिचं व्होल्टेज चढायचं थांबतं, किंचित खाली येतं, आणि ती गरम व्हायला लागते. निकेलचे चार्जर या खुणा ओळखून थांबतात. लिथियमची रीत वेगळी. सेलमागे ४.२ व्होल्टपर्यंत न्यायचं, तिथे व्होल्टेज धरून ठेवायचं आणि करंट हळूहळू कमी होऊ द्यायचा. तिच्यात ती उतरण येतच नाही. म्हणजे निकेलचा चार्जर खुणेची वाट बघत बसणार आणि सेलमध्ये करंट ढकलत राहणार. आत संरक्षणाचं सर्किट असेल आणि ते धड असेल तर ते तोडेल. नसेल तर आग. ओळखीच्या एका ऑफिसात असाच बदललेला पॅक चार्जिंगला लावून लोक घरी गेले होते. सकाळी चार्जर वितळलेला आणि टेबलाचा सनमायका कोळसा झालेला. शेजारी कागदपत्रं नव्हती म्हणून तेवढ्यावर भागलं.

तेव्हा पहिला नियम, बॅटरी निवडताना यंत्राच्या आधी चार्जर बघायचा. जीकेएल ११२ आहे तोवर ४०७ ला निकेलच.

आता ते ८८०० एमएएच. हे तुम्हाला घरबसल्या तपासता येतं. जीईबी २२१ च्या आत सहसा १८६५० मापाचे लिथियम सेल असतात, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. चार सेल. दोन-दोनच्या जोड्या शेजारी-शेजारी, आणि त्या जोड्या एकापुढे एक. सेल एकापुढे एक जोडले की व्होल्टेज वाढतं, शेजारी जोडले की क्षमता वाढते. म्हणजे पॅकची क्षमता दोन सेलांच्या बेरजेएवढी. मूळ २२१ वर ४.४ ॲम्पिअर-तास, म्हणजे ४४०० एमएएच, लिहिलेलं असतं, ते २२०० चे दोन. त्याच हिशेबाने ८८०० साठी एकेक सेल ४४०० चा हवा. सॅमसंग, एलजी, पॅनासॉनिक, मुराता (सोनीचा सेलचा धंदा २०१७ मध्ये मुराताने घेतला), या नामांकित कंपन्यांचा या मापाचा चांगल्यातला सेल ३५०० च्या आसपास थांबतो. मग सगळ्यात स्वस्त बॅटरीत ४४०० चे सेल आले कुठून? ते लेबलावरच आहेत, आत नाहीत. खोट्या आकड्याची बॅटरी बहुतेक वेळा मूळ बॅटरीपेक्षाही कमी चालते, कारण आकड्यात खोटं छापणारा सेलही निवडून घेत नसतो.

विक्रेत्याला वजन विचारा. चांगला १८६५० सेल ४५ ते ५० ग्रॅमचा असतो. चार सेल म्हणजे १८० ते २००, वर खोकं आणि सर्किट. मूळ २२१ सुमारे २०० ग्रॅमची असते. दुप्पट क्षमतेची म्हणवणारी बॅटरी दीडशेच्या घरात भरली, तर पुढे काही विचारायची गरज नाही.

तुमच्या बंद पडणाऱ्या बॅटरीबद्दल. यंत्र बॅटरीचा अंदाज मुख्यतः व्होल्टेजवरून घेतं. सेल म्हातारे झाले की त्यांचा आतला अवरोध वाढतो. यंत्र शांत असताना व्होल्टेज ठीक दिसतं. ईडीएम, म्हणजे अंतर मोजणारा भाग, चालू होऊन करंट ओढला गेला की ते धाडकन खाली येतं आणि यंत्र स्वतःला वाचवायला बंद होतं. त्यामुळे पडद्यावरच्या अर्ध्या बॅटरीला काही अर्थ नाही, ती गेलेली आहे. तरीही पैसे घालवण्याआधी एक करा. बॅटरीच्या आणि यंत्राच्या आतल्या संपर्काच्या पट्ट्या बघा. पावसाळ्यात पेटीत ठेवलेल्या यंत्रांच्या पट्ट्यांवर काळपट किंवा हिरवट थर चढतो. साधं पेन्सिलचं खोडरबर हळूच फिरवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसा. सँडपेपर नको, वरचा मुलामा निघून जातो. बॅटरी मेली म्हणून आलेली किती तरी यंत्रं माझ्या टेबलावर एवढ्यावर सुरू झालेली आहेत.

सेल बदलून घेण्याबद्दल माझं मत दोन बॅटऱ्यांसाठी दोन आहे. १२१ साठी हरकत नाही. निकेलचे सेल तुलनेने सोशिक असतात आणि ४०७ सारख्या जुन्या यंत्राची नवी बॅटरी बाजारात मिळाली तरी ती गोदामात किती वर्षं पडून होती कोण सांगणार? पण कारागिराला तीन गोष्टी विचारा. पाचही सेल एकाच कंपनीचे, एकाच क्षमतेचे आणि एकाच तारखेचे आहेत ना? निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने लावणार की सरळ सेलवर सोल्डर करणार? सेलच्या टोकावर तापलेली सोल्डरिंग आयर्न टेकवली की आतलं सील भाजतं, असा सेल लवकर गळतो. आणि तापमान ओळखणारा जुना थर्मिस्टर परत जागेवर बसवणार ना? कामाच्या घाईत तो काढून तिथे साधा रेझिस्टर लावणारे असतात. चार्जरला वाटतं बॅटरी थंड आहे, आणि बॅटरी आत शिजत असते. तिन्ही उत्तरं सरळ मिळाली तर करून घ्या.

२२१ चे सेल मात्र बदलून घेऊ नका. खोकं चिकटवलेलं असतं, ते कापावं लागतं. पुन्हा चिकटवल्यावर मिलिमीटरभर जरी फुगलं तरी बॅटरीचं झाकण घट्ट बसत नाही. टीएस ०६ ला धूळ-पाण्यापासून आयपी ५५ संरक्षण आहे ते झाकणं नीट बसली तरच. मुळशीच्या पावसात तेच उपयोगी पडतं.

रोव्हरवाला, चिंचवड

वरच्या सदाशिव पेठेतल्या सरांचा सेलचा हिशेब आमच्या सोक्किया कंपनीच्या यंत्राला लावून बघितला. त्याच्या बीडीसी ७० या लिथियमच्या बॅटरीवर ७.२ व्होल्ट, ५२४० एमएएच आहे. म्हणजे २६२० चे दोन. बरोबर बसतं. जुन्या टॉपकॉनची बीटी-५२क्यूए ७.२ व्होल्टची आहे, पण ती निकेलची, सहा सेल. लेबलवरचं ७.२ बघून दोन्ही एकाच जातीच्या समजू नका, हे नवीन मुलांना मी रोज सांगतो. "एनआय-एमएच" (निकेल) की "एलआय-आयन" (लिथियम) हे आधी वाचायचं, व्होल्ट नंतर.

ताई, तुम्ही बाहेरच्या बॅटरीचा विचार केलाय का? लेआउटसारख्या एका जागेवरच्या कामात आम्ही १२ व्होल्ट ७ ॲम्पिअर-तासाची सीलबंद लेड ॲसिड बॅटरी ट्रायपॉडखाली ठेवतो. वजन दोन-अडीच किलो, डोंगरावर न्यायला नको, पण प्लॉटिंगवर दिवस आरामात निघतो. केबल मात्र त्या यंत्राचीच घ्या, फ्यूजसकट. आणि चालू गाडीच्या बॅटरीला यंत्र जोडू नका. इंजिन चालू असताना गाडीची लाइन १४ व्होल्टच्या वर जाते आणि यंत्राच्या मॅन्युअलमधली वरची मर्यादा तिथेच कुठेतरी असते.

मोजणीवाली, धायरी

सगळ्यांचे मनापासून आभार. पेठेतल्या माणसाला लिथियम नको म्हणून फोन केला. त्याने सेल कोणते ते सांगितलं, स्पॉट वेल्डिंगचं मशीन दुकानातच आहे म्हणाला. थर्मिस्टरबद्दल विचारल्यावर जरा थांबला आणि मग "आहे तोच ठेवतो" म्हणाला.

पट्ट्या पुसल्या. ४०७ मध्ये खरंच हिरवा थर होता. थोडा फरक पडला, पण दिवस काही निघत नाही.

वजनं केली, घरच्या स्वयंपाकाच्या काट्यावर. माझ्या दोन्ही २२१ दोनशेच्या थोड्या वर आहेत. आमच्या ओळखीच्या एकांकडे ती ८८०० वाली होती, ती मागून आणली. १५८ ग्रॅम! बघून धक्काच बसला.

आणखी दोन प्रश्न. जी बरी चालतेय ती २२१ खरंच किती बरी आहे हे कसं ओळखायचं? आणि बंद पडणारी मेजावर ठेवली तर डुगडुगते, पोट किंचित वर आल्यासारखं वाटतं. यंत्रात बसताना पण अडकते. चालेल का, की काढून टाकू?

यंत्रदुरुस्ती, सदाशिव पेठ

डुगडुगणारी आजपासून वापरायची नाही आणि चार्जही करायची नाही. सेलच्या आत वायू धरला की खोकं असं वर येतं. तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावा, पत्र्याच्या डब्यात वाळू घालून त्यात ठेवा, घरात नको, गॅलरीत सावलीला. मग ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत ठिकाणी द्या. घरच्या कचऱ्यात तर मुळीच नको, गाडीत दाबली गेली की पेट घेते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे नवी घेताना डीलरला जुनी परत घ्याल का म्हणून जरूर विचारा.

आता चांगल्या बॅटरीची तपासणी. तपकीर गल्लीतून, म्हणजे आपल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, दहा ओहम, दहा वॉटचा रेझिस्टर आणा. पांढरा, सिमेंटचा, चौकोनी असतो, किंमत अगदी किरकोळ. एक मल्टिमीटर लागेल. बॅटरी पूर्ण भरून तासभर निवू द्या. खोक्यावर अधिक-उणे कोरलेलं असतं, त्याच दोन पट्ट्यांना तारा लावा. इतर पट्ट्या चार्जर आणि यंत्राच्या बोलण्यासाठी असतात, त्यांना हात नको. अधिक-उणे कुठलं हे स्पष्ट दिसत नसेल तर ही तपासणी करूच नका. रेझिस्टर फरशीवर ठेवा, हाताला चटका बसेल इतका तापतो.

सुरुवातीला मल्टिमीटर आठच्या वर दाखवेल, मग सावकाश उतरेल. दर अर्ध्या तासाने व्होल्टेज लिहून ठेवा. सहा व्होल्टला आलं की लगेच तार काढा. त्याखाली लिथियमला ओढायचं नाही. सरासरी ७.३ व्होल्ट धरले तर दहा ओहममधून पाऊण ॲम्पिअरच्या किंचित खाली करंट जातो, ०.७३. जितके तास लागले त्याला ०.७३ ने गुणा, क्षमता आली. नवी ४.४ ची बॅटरी सहा तास द्यायला हवी. साडेचार तासांच्या खाली आली तर ती फक्त जवळच्या कामाला. शेवटचा तास मात्र बॅटरीजवळून हलू नका, कारण उतार तिथे एकदम वाढतो.

४०७ च्या निकेलच्या बॅटरीलाही हाच रेझिस्टर चालतो, करंट ०.६ धरा आणि पाच व्होल्टला थांबा. तिच्याबाबतीत अजून एक. नवीन सेल बसवून आणल्यावर किंवा तीन महिने पडून राहिल्यावर पहिल्याच चार्जिंगला पूर्ण क्षमता मागू नका. तीन ते पाच वेळा भरून रिकामी केली की ती मोकळी होते. लिथियमला एकदा पुरे. काही जुन्या निकेलच्या चार्जरांवर यासाठीच रिफ्रेशचं बटण असतं.

नवी २२१ घेताना, मूळ परवडली तर मूळ. नाही परवडली तर दुसऱ्या कंपनीची घ्यायला माझी ना नाही, फक्त छापील क्षमता ४४०० ते ५२०० मधली असावी, उत्पादनाची तारीख स्पष्ट असावी आणि खोक्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक असावा. आपल्याकडे अशा लिथियम पॅकना आयएस १६०४६ या मानकाखाली नोंदणी सक्तीची आहे. क्रमांक "आर"ने सुरू होतो. तो बीआयएस केअर ॲपवर टाकला की नोंदणी कोणाची आणि कुठल्या वस्तूची ते कळतं. बॅटरीवर एकाचं नाव आणि ॲपवर भलत्याचं, किंवा तिथे बॅटरीऐवजी मोबाइलचा चार्जर निघाला, तर ती बॅटरी परत करा. आणि आल्या आल्या, परत करायची मुदत संपायच्या आत, रेझिस्टरवर तपासा. साइटवर कळून उपयोग नाही.

साइट इंजिनिअर, हडपसर

रेझिस्टरची युक्ती माहीत नव्हती. आमच्या स्टोअरमधल्या सगळ्या बॅटऱ्या आता अशाच तपासायला लावतो. सर, एक विचारतो. आमचा एक सर्व्हेअर विमानाने ईशान्येकडे जातोय, दोन २२१ बरोबर आहेत. सामानात टाकू का?

यंत्रदुरुस्ती, सदाशिव पेठ

चेक-इन सामानात नको. सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनच्या बॅगेतच न्यायच्या असतात, टोकं झाकून. ७.४ गुणिले ४.४ म्हणजे साडेबत्तीस वॉट-तास. मर्यादा १०० वॉट-तासांची आहे, त्यामुळे अडचण येऊ नये. लेबल शाबूत असू द्या, तपासणारा तेच वाचतो.

मोजणीवाली, धायरी

सर, रविवारी फरशीवर मांडून बसले. बरी चालणारी २२१ सहा व्होल्टला यायला चार तास चाळीस मिनिटं लागली, म्हणजे ३.४ ॲम्पिअर-तास. मला वाटत होतं त्यापेक्षा चांगली निघाली. ती ८८०० वाली पण लावली, ज्यांची होती त्यांना विचारून. अडीच तासात संपली, म्हणजे जेमतेम १८०० एमएएच. त्यांनी ते आकडे विक्रेत्याला पाठवलेत.

४०७ ची १२१ पेठेत दिली, सेल माझ्यासमोर काढले. थर्मिस्टर परत बसवताना बघितला, मगच हलले. टीएस ०६ साठी एक मूळ मागवली आहे. जुनी बरी आहे ती जोडीला राहील. बॅटरी बदलली की बॅकसाइट परत घ्यायची हा नियम मुलांना वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिलाय.

आता पाऊस सुरू झाला की आमची बाहेरची कामं निम्म्यावर येतात. तेव्हा ४०७ चं काम बंदच असतं म्हणा. या बॅटऱ्या पेटीत ठेवताना पूर्ण भरून ठेवू की रिकाम्या?

यंत्रदुरुस्ती, सदाशिव पेठ

दोघींची रीत उलटी आहे. २२१ अर्धी भरलेली ठेवा, साधारण ४० ते ६० टक्के. पूर्ण भरून ठेवली की लवकर म्हातारी होते, रिकामी ठेवली तर व्होल्टेज इतकं खाली जातं की आतलं सर्किट कुलूप लावतं आणि मग चार्जर तिला ओळखतच नाही. अशी कुलूप लागलेली बॅटरी कोणी बाहेरून झटका देऊन जागी करतो म्हटलं तर करू देऊ नका. १२१ पूर्ण भरून ठेवली तरी चालेल, पण साधा निकेलचा सेल पहिल्याच महिन्यात पाव हिस्सा आपोआप गमावतो. म्हणून महिन्या-दीड महिन्याने एकदा चार्ज करा. तुमच्या कारागिराने कमी गळतीचे सेल घातले असतील तर इतकी घाई नाही.

दोन्ही बॅटऱ्या यंत्रातून बाहेर काढून ठेवा. यंत्र बंद असलं तरी थोडा करंट ओढतं. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या अधूनमधून वाळवा. ओल्या साइटवरून आलात तर पेटी लगेच बंद करू नका, यंत्र आणि बॅटरीचा कप्पा रात्रभर उघडे राहू द्या. उन्हाळ्यात परत सुरू कराल तेव्हा गाडीच्या डॅशबोर्डवर बॅटरी ठेवू नका आणि ४० अंशांच्या वर चार्जिंगला लावू नका, एप्रिल-मेमध्ये ते रात्री घरी आल्यावरच करा. मूळ बॅटरी आली की रेझिस्टरवर लावून आकडा इथे टाका. नव्या पॅकचा पहिला आकडा बॅटरीवर तारखेसकट लिहून ठेवलात तर पुढच्या वर्षी तुलना करायला तो लागेल.